नॉर्थ कोस्ट ५०० सहल : वाहन चालवणाऱ्या सभासदांसाठी सूचना
सर्व सभासदांना कळविण्यात येते की, स्कॉटलंडमधील इन्व्हर्नेसहून निघून उत्तर किनाऱ्याने पुन्हा तेथेच परतणारा हा सुमारे ८३० किलोमीटरचा मार्ग आपण घाई न करता सात दिवसांत पूर्ण करणार आहोत. अनेक ठिकाणी रस्ता एकपदरी असल्याने समोरून वाहन आल्यास डावीकडच्या थांब्यात (वाट देण्यासाठी रस्त्याकडेला केलेल्या रुंद जागेत) गाडी घ्यावी, थांबा उजवीकडे असल्यास त्याच्यासमोर आपल्याच बाजूला थांबावे आणि मागून येणाऱ्या स्थानिकांनाही पुढे जाऊ द्यावे. त्यांचा हा रोजचा रस्ता आहे. ॲपलक्रॉस गावाकडे जाणारा, ६२६ मीटर उंचीचा बेलाख ना बा घाट तीव्र चढाचा व अरुंद वळणांचा असल्यामुळे कॅम्परव्हॅनवाल्यांनी (राहण्याची सोय असलेली मोठी गाडी आणणाऱ्यांनी) शील्डेग गावामार्गे किनाऱ्याने यावे. पेट्रोलपंप विरळ आहेत, तेव्हा टाकी अर्धी होताच भरून घ्यावी. छायाचित्रांसाठी थांब्यांत गाडी उभी करू नये, ही कळकळीची विनंती.