दोन मुदती ठीक, पण मुदत म्हणजे किती?

मा. स्थानिक स्वराज्य मंत्री महोदय,
स. न.

विषय : पालिका सदस्यांच्या मुदतीवर मर्यादा घालणाऱ्या नियमाचा मसुदा

‘एका व्यक्तीला सलग दोनच मुदती’ या वाक्याला सभेत टाळ्या पडतात. ते जसेच्या तसे कायद्यात उतरवले, तर पहिल्याच छाननीत त्याचे तीन अर्थ निघतील आणि तिन्ही अर्थ घेऊन लोक कोर्टात जातील. दोन की तीन यावर सभागृह तासन्‌तास बोलते. ‘मुदत’ कशाला म्हणायचे, हे मात्र मसुदा टाइप करणाऱ्यावर सोडले जाते.

पोर्तुगालने २००५ च्या कायद्याने नगराध्यक्षांना सलग तीन मुदतींची मर्यादा घातली. २०१३ साली ही मर्यादा गाठलेले काही अध्यक्ष सरळ दुसऱ्या पालिकेत उभे राहिले. मर्यादा ‘त्या पालिकेच्या’ अध्यक्षाला की ‘कोणत्याही पालिकेच्या’? सगळा वाद कायद्यातल्या एका इवल्याशा शब्दावर येऊन ठेपला. घटना न्यायालयाने पहिला अर्थ मान्य केला आणि मंडळींचा मार्ग मोकळा झाला. आपल्या मसुद्यात ‘राज्यातील कोणत्याही पालिकेत, कोणत्याही प्रभागातून’ हे शब्द हवेतच. मोजणी व्यक्तीची व्हावी, प्रभागाची नव्हे. नाहीतर प्रभागरचना बदलली, सातचा अकरा झाला, की जुना सदस्य ‘नवा’ होऊन अर्ज भरेल. सदस्यपद आणि अध्यक्षपद यांची मोजणी वेगवेगळी ठेवायला हरकत नाही, पण तसे लिहून ठेवा.

अर्धवट मुदतीचा प्रश्न याहून किचकट. मसुद्यात ‘पूर्ण केलेली मुदत’ असे लिहिलेत, तर दुसऱ्या मुदतीचे शेवटचे सहा महिने उरलेले असताना राजीनामा येईल; मुदत पूर्ण झाली नाही, म्हणजे मोजायचीही नाही! फिलिपिन्सच्या १९८७ च्या राज्यघटनेने ही पळवाट आधीच बुजवली. तिथे स्थानिक पदांना तीन-तीन वर्षांच्या सलग तीन मुदती मिळतात आणि स्वेच्छेने पद सोडल्याने सलगता तुटत नाही, असे त्याच कलमात लिहिले आहे. आम्ही सुचवतो ते असे. सार्वत्रिक निवडणुकीत निवडून आलेल्याची मुदत निकालाच्या दिवसापासून पूर्ण धरावी, पुढे तो किती दिवस पदावर राहिला हे पाहूच नये. पोटनिवडणुकीतून आलेल्याची मुदत, शिल्लक काळ निम्म्याहून एक दिवस जरी जास्त असला तरी, मोजावी. निम्मा किंवा कमी असेल तर सोडून द्यावी. न्यायालयाने निवडणूकच रद्द ठरवली असेल तर काय, यावरही एक ओळ लागेल. आमच्या मते ती मुदत मोजावी. खुर्चीचा फायदा तर घेऊन झालेला असतो.

आजन्म बंदीच्या मात्र आम्ही विरोधात आहोत. अर्थसंकल्पाची पाने उलटताना कोणत्या लेखाशीर्षाखाली काय दडवले आहे, हे कळायला सदस्याला तीन वर्षे लागतात. सगळेच नवखे असले, की सभागृह चालवते ते प्रशासनच. सलग दोन मुदती आणि मग पूर्ण एका मुदतीची विश्रांती, एवढे पुरे. यात खोट आहेच : विश्रांतीच्या काळात खुर्ची पत्नी, मुलगा किंवा भाऊ सांभाळतो. फिलिपिन्समध्ये सर्रास असेच घडले. मेक्सिकोत नगराध्यक्षाला लागोपाठ दुसऱ्यांदा उभे राहताच येत नसे. २०१४ साली ते दार उघडले आणि २०२५ साली पुन्हा बंद करायचे ठरले. तेव्हा आकडा कोणताही निवडा, तो शेवटचा ठरणार नाही.

नातेवाइकांना बंदी घालणे अवघड, आणि कदाचित गैरही. त्याऐवजी मतदानाची पद्धत बदला. तीन सदस्यांचा प्रभाग घ्या, मतदार सहा हजार. एका गटाकडे २,५००, दुसऱ्याकडे २,०००, तिसऱ्याकडे १,५००. प्रत्येकाला तीन मते दिली तर पहिल्या गटाचे तिन्ही उमेदवार २,५०० मतांनी निवडून येतात. मुदत संपलेल्या म्होरक्याने कोणालाही उभे करावे, तो येणारच. आता पसंतीक्रमाने मतदान घ्या, एकच संक्रमणीय मत : मतदार उमेदवारांना १, २, ३ असा क्रम देतो आणि निवडून आलेल्याची जास्तीची मते पुढच्या पसंतीकडे जातात. वैध मते भागिले (जागा अधिक एक), त्यात आणखी एक, म्हणजे कोटा, निवडून यायला लागणारी मते, १,५०१. पहिल्या गटाची एक जागा होऊन ९९९ मते उरतात, दुसऱ्याची एक जागा होऊन ४९९. ही सगळी शिल्लक पहिल्या गटाच्या दुसऱ्या उमेदवाराकडे गेली, तरी बेरीज १,४९८ होते. तिसऱ्या गटाचा उमेदवार कोट्याला एक मत कमी असूनही १,५०० वर निवडून येतो. आयर्लंडमध्ये स्थानिक निवडणुका याच पद्धतीने होतात, स्कॉटलंडमध्येही २००७ पासून. मोजणीला वेळ जास्त लागतो, हे खरे.

अंमलबजावणीचा सगळा भार निवडणूक अधिकाऱ्यावर पडतो आणि छाननीला त्याच्या हातात असतो जेमतेम एक दिवस. तेवढ्यात तीन निवडणुकांपूर्वीचे राजपत्र शोधणार कोण? मुदतींची नोंदवही निवडणूक आयोगाने आधीच ठेवावी, कार्यक्रम जाहीर होण्याच्या साठ दिवस आधी प्रसिद्ध करावी, हरकतींना पंधरा दिवस द्यावेत. नोंद नावावर नको, मतदार ओळखपत्राच्या क्रमांकावर हवी. लग्नानंतर आडनाव बदलते, कुठे वडिलांचे नाव गळते, आणि एकच बाई यादीत दोन ठिकाणी दिसतात.

आजवरच्या मुदती धरायच्या का? सगळ्या धरल्या तर जुने सदस्य एका फटक्यात बाद होतील आणि कायदा सूडाचा वाटेल. शून्यापासून मोजले तर आज तिसऱ्यांदा बसलेल्यालाही आणखी दोन मुदती मिळतील. पदावर असलेल्या प्रत्येकाची एकच मुदत झाली असे धरावे.

आता कुलपाचे, म्हणजे ही मर्यादा पुढे कोणी सोयीने सैल करू नये यासाठीच्या कलमाचे. न्यूयॉर्क शहरात १९९३ च्या सार्वमताने दोन मुदतींची मर्यादा आली. २००८ मध्ये नगर परिषदेने २९ विरुद्ध २२ मतांनी ती स्वतःच तीनवर नेली, त्याच सदस्यांच्या फायद्यासाठी. २०१० मध्ये मतदारांनी ती पुन्हा दोनवर आणली आणि पदावरच्या सदस्यांसाठी मर्यादा बदलण्याचा परिषदेचा अधिकारही काढून घेतला. आपल्या कायद्यात पहिल्या दिवसापासून असे कलम हवे : मर्यादेतील कोणतीही वाढ ती मंजूर होताना पदावर असलेल्या कोणालाही लागू होणार नाही.

मसुदा प्रसिद्ध करण्यापूर्वी एक चाचणी घ्या. मागच्या तीन निवडणुकांतले वीस सदस्य निवडा : राजीनामा दिलेले, पोटनिवडणुकीतून आलेले, प्रभाग बदललेले, अपात्र ठरलेले. मसुदा दोन कर्मचाऱ्यांच्या हातात द्या आणि एकमेकांना न विचारता प्रत्येकाच्या मुदती मोजायला सांगा. वीसपैकी एकाचेही उत्तर वेगळे आले, तर मसुदा परत टेबलावर घ्या.

आपले,
निवडणूक नियमांचे काही अभ्यासक