फ्रीज गुरुवारी येतोय

ती. आई आणि बाबा यांना
साष्टांग नमस्कार.

बाबा, आधी रागावून घ्या आणि मग पुढे वाचा. नवा फ्रीज मी घेतलाय. पैसे भरून झालेत. गुरुवारी सकाळी बेळगावहून टेम्पो निघेल, दुपारच्या आत खानापुरात पोचेल. विचारलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, "आहे तो चालतोय की." आणि मागून आईचा आवाज आला असता, "राहू दे गं, पावसाळा तरी जाऊ दे." म्हणून विचारलंच नाही. चुकलं असेल तर चुकलं. पण मिरगाच्या आत तो घरात बसायला हवा होता.

जुन्याला मी नावं ठेवत नाहीये. तो कुठल्या पैशांतून आला आणि त्या वर्षी दिवाळीला काय काय घेतलं नाही, ते मला ठाऊक आहे. पण त्याचा कॉम्प्रेसर आता थांबतच नाही. चांगला फ्रीज थोडा वेळ चालतो, पुरेसा गार झाला की कट होतो, मग परत लागतो. आपला रात्रंदिवस गुरगुरतोय, आणि बर्फ धरतो तो फ्रीझरच्या एकाच कोपऱ्यात. खालच्या कप्प्यात दूध दुसऱ्या दिवशी आंबतं. ही गॅस कमी झाल्याची खूण. मेस्त्री येतो, "ग्यास खाली आगेती" (म्हणजे गॅस संपलाय) म्हणतो, भरतो, पैसे घेतो, आणि सहा महिन्यांनी पुन्हा तेच. बाबा, फ्रीजमधला गॅस स्कूटरच्या पेट्रोलसारखा संपत नाही. बंद नळीत तोच तो फिरत असतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी बारीक भोक आहे. ते शोधून बुजवायचं, नळीतला ओल शोषणारा ड्रायर बदलायचा, व्हॅक्यूम मारून आतली हवा नि ओल काढायची, आणि मग वजन करून गॅस भरायचा. यातलं काहीच न करता वरून गॅस सोडला की फुटक्या घागरीत पाणी भरल्यासारखं होतं. भोक कशानं पडलं असेल ते मी लिहीत नाही. आईला ते उलथनं आठवेल.

आता बिल, कारण पहिला प्रश्न तोच येणार. न थांबता चालणारा कॉम्प्रेसर साधारण 120 वॅट धरला तरी दिवसाला जवळजवळ 3 युनिट झाले, महिन्याला 86. नव्याच्या स्टारच्या लेबलावर वर्षाचे युनिट छापलेत, ते 200 च्या आसपास आहेत. म्हणजे महिन्याला सतराएक. लेबलावरचा आकडा मोजमापाच्या खोलीतला असतो, घरी थोडा वाढेल, तरी फरक बघा. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत वीज फुकट आहे म्हणून तुम्ही निवांत असता, पण फुकट म्हणजे आपल्या जुन्या सरासरीवर थोडे जादा युनिट एवढंच. त्यावर गेलं की वरच्या युनिटांचे पैसे, आणि 200 पार झाले तर सगळंच बिल भरायचं. मागच्या दोन बिलांत वापर किती लिहिलाय ते कानडी वाचणाऱ्या कुणाकडून एकदा नीट बघून घ्या.

पण खरं कारण बिल नाही, हे तुम्हीही ओळखलं असेल. बाबा, तुमचं इन्सुलिन.

न उघडलेलं इन्सुलिन 2 ते 8 अंशांत राहायला लागतं. जुन्या फ्रीजमध्ये त्या बर्फाच्या कोपऱ्याजवळ शून्याखाली जातं आणि दरवाज्यात 15 च्या वर. गोठलेलं इन्सुलिन परत पातळ झालं की दिसायला पहिल्यासारखंच दिसू शकतं, पण काम करेलच असं नाही. साखर अचानक वर का गेली म्हणून आपण जेवणाला दोष देत बसतो. आई, तू भाताचं माप कमी केलंस तेव्हा मला हेच वाटत होतं. एकदा गोठलं की ते टाकूनच द्यायचं, महाग असलं तरी. नव्या फ्रीजमध्ये मधल्या फळीवर, पुढच्या बाजूला, झाकणाच्या डब्यात ठेवा. मागच्या भिंतीला जिथून गार वारा येतो तिथे नाही, दरवाज्यात तर नाहीच. दार उघडलं की पहिली गरम हवा तिथेच लागते. सध्या चालू असलेलं पेन फ्रीजबाहेर ठेवलं तरी चालतं, साधारण चार आठवडे, पण चुलीजवळ किंवा खिडकीच्या उन्हात नको. नक्की दिवस पाकिटावर असतात, ते बघा आणि पेन उघडल्याची तारीख पट्टीवर लिहून त्याला चिकटवा.

आता गुरुवारचं. हे आईनं मोठ्यानं वाचून दाखवायचं आणि बाबांनी मध्ये बोलायचं नाही.

टेम्पोतून तो उभाच उतरला पाहिजे. आडवा आला असेल तर कॉम्प्रेसरमधलं तेल नळीत गेलेलं असतं. तो रात्रभर उभा ठेवून दुसऱ्या दिवशीच लावा. उभा आला तरी तीन-चार तास तसाच राहू दे. लोक दारात बघायला जमतील, कुणीतरी "लावून तरी बघू या" म्हणेल. लावायचा नाही. तेवढ्या वेळात आतल्या चिकटपट्ट्या, थर्माकोल सगळं काढा आणि कोमट पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून आतून पुसून घ्या. साबण नको, वास राहतो.

जागा जुन्याचीच, पण भिंतीला चिकटवून नाही. मागे चार बोटं, बाजूंना दोन-दोन बोटं, वर वीतभर मोकळं. या फ्रीजच्या मागे काळी जाळी नाही, उष्णता बाहेर टाकणारी नळी बाजूच्या पत्र्याच्या आत आहे. म्हणून दोन्ही बाजू चांगल्या गरम लागतील. घाबरून मला रात्री फोन करू नका, ते बरोबरच आहे. आई, तुझं क्रोशाचं कव्हर वर घाल, मी नाही म्हणत नाही, पण बाजूंनी खाली सोडू नकोस.

आपली फरशी पडवीकडे उतरती आहे. पुढचे दोन पाय फिरवून पुढची बाजू मागच्यापेक्षा किंचित उंच ठेवायची. दार अर्धं उघडून सोडलं की आपसूक हळू मिटलं पाहिजे. मिटलं नाही तर फटीतून दमट हवा जात राहते, आत बर्फ धरतो, आणि मग म्हणायचं कंपनी खराब. दाराचं रबर तपासायला दहाची नोट दारात धरून दार लावा आणि ओढा. थोडी अडली तर ठीक, अलगद सुटली तर तिथे फट आहे. नोट चारी बाजूंनी फिरवून बघा. रबर एका ठिकाणी दुमडलं असेल तर गरम पाण्यात बुडवून पिळलेला फडका त्यावर दाबून धरा, सरळ होतं.

वायरमनला मी सांगून ठेवलंय, तो बुधवारीच येईल. फ्रीजला भिंतीतला स्वतंत्र सॉकेट हवा, मिक्सरबरोबर एक्स्टेन्शन बोर्डवर नको. अर्थिंग नुसतं बघून "आहे" म्हणू देऊ नका. फेज आणि अर्थिंगमध्ये जुन्या पद्धतीचा तारेचा पिवळा दिवा लावायला सांगा, एलईडी नको. दिवा नेहमीसारखा पेटला तर अर्थिंग आहे. मिणमिणला किंवा पेटलाच नाही तर नाही. दिवा लावताच ईएलसीबी (वीज गळली की लाईन तोडणारं बटण) पडली, तर वायर जमिनीपर्यंत जोडलेली आहे एवढंच कळतं, अर्थिंग चांगलं आहे असं नाही. पावसात आपली फरशी ओली, आई अनवाणी, आणि हात फ्रीजच्या दांडीवर. हे एक काम झाल्याशिवाय फ्रीज चालू करायचा नाही. जुना स्टॅबिलायझर लावू नका, त्याचे रिले करपलेत. नव्या फ्रीजला कमी-जास्त व्होल्टेज किती चालतं ते पुस्तिकेत दिलंय. तुमच्याकडे रात्री त्याहून खाली जात असेल तर मला कळवा, योग्य मापाचा पाठवते.

आणि फ्रीजवर मोठ्या अक्षरात "इन्व्हर्टर" लिहिलंय म्हणजे तो घरातल्या इन्व्हर्टरवर लावायचा असं नाही. त्याचा कॉम्प्रेसर वेग कमी-जास्त करत चालतो, त्याला ते नाव आहे. घरातल्या बॅटरीवर लावाल तर रात्री पंखा आणि दिवा दोन्ही जातील.

चालू केला की पहिली रात्र रिकामा. सकाळी मधल्या फळीवर पाण्याचा ग्लास ठेवून त्यात मी पाठवलेला थर्मामीटर बुडवा. दुपारपर्यंत 4 ते 5 अंश आलं तरच इन्सुलिन आत ठेवा, तोवर ते शेजारच्या काकूंच्या फ्रीजमध्ये असू दे. खालच्या कप्प्याच्या बटणावरचे आकडे म्हणजे अंश नव्हेत. आकडा मोठा तितकं जास्त गार. उन्हाळ्यात 4, पावसाळ्यात आणि थंडीत 2-3 पुरे. वरच्या फ्रीझरचं बटण मधोमध ठेवा. ते टोकाला नेलं की सगळा गार वारा वरच अडतो आणि खालच्या भाज्या कोमट राहतात. म्हणजे खाली गार होत नाही म्हणून वरचं बटण वाढवायचं नाही, उलट करायचं.

हा फ्रॉस्ट-फ्री आहे. बर्फ काढायला वाकायचं नाही, बटण दाबायचं नाही, आणि उलथनं तर अजिबात नाही. तो स्वतःच दिवसातून एक-दोनदा आतला हीटर लावून बर्फ वितळवतो, पाणी नळीतून मागच्या ताटलीत जातं आणि तिथे कॉम्प्रेसरच्या उष्णतेनं वाळतं. कधी भाजीच्या ट्रेखाली पाणी साचलं तर ती नळी तुंबलीय. मागच्या भिंतीच्या तळाशी छोटं भोक असतं. त्यात कोमट पाणी पिचकारीनं सोडा, तार घालू नका. वरचा फ्रीझर गार आणि खालचा भाग गरम झाला तर फॅन किंवा तो हीटर गेलाय. सगळं काढून, दारं उघडी ठेवून चोवीस तास बंद करा. परत नीट चालला आणि दोन-तीन आठवड्यांनी तेच झालं तर हीटर किंवा त्याचा सेन्सर. मेस्त्रीला एवढंच सांगायचं. त्यानं आल्या आल्या गॅसचं नाव काढलं तर चहा पाजून परत पाठवा. तसाही यातला गॅस पेट घेणारा आहे, थोडासाच असतो, पण ज्याला त्याची सवय नाही त्याच्या हातात नळी जोडायची जाळाची गन देऊ नका.

बुडबुड आवाज गॅसचा, कट्‌ आवाज आतलं प्लॅस्टिक आकसल्याचा. दर काही मिनिटांनी टक् होऊन कॉम्प्रेसर लागायचा प्रयत्न करतोय आणि लागत नाहीये, असं ऐकू आलं तर मात्र बटण बंद करा आणि मला फोन. पावसाळ्यात दाराच्या कडांना बाहेरून घाम येईल, आपल्याकडची हवाच तशी. फडक्यानं पुसायचं. आणि महिन्यातून एकदा टॉर्च लावून मागे बघा. उंदीर कॉम्प्रेसरच्या उबेला येतात आणि वायर कुरतडतात. मागच्या तोंडाला बारीक जाळी वायरमनच लावून देईल.

लाईट गेली तर दार उघडायचं नाही. बंद फ्रीज चार तास गार राहतो. फ्रीझरच्या रिकाम्या जागेत पाण्याच्या दोन बाटल्या गोठवून ठेवा, तेवढीच गारवण जास्त टिकते. पावसात तार तुटून दिवस-दिवस लाईट नसते तेव्हा इन्सुलिन टॉवेलात गुंडाळून थर्माकोलच्या डब्यात, बाजूला गोठलेली बाटली. बर्फाला टेकवून नाही. माठाच्या गारव्यातही दोन दिवस काही बिघडत नाही, तेव्हा काळजीनं त्याला बर्फात खुपसू नका.

आई, पन्ह्याचा गर आणि फणसाचे गरे फ्रीझरमध्ये, हे तुझं तू बघशीलच. तुझा रोजचा डबा, दुधाची पातेली आणि दही कमरेच्या उंचीच्या फळीवर ठेव, खालच्या ट्रेत रोज हात घालायला लागेल असं काही नको. तुझे गुडघे मला दिसतात गं, तू फोनवर सांगत नसलीस तरी. गरम भात लगेच आत ढकलू नकोस, ताटात पसरून निवव आणि दोन तासांच्या आत ठेव. कोथिंबीर कोरड्या सुती फडक्यात. टोमॅटो बाहेर. कुंदा आणला तर मला फोटो पाठवायचा, आणि बाबांना एकच चमचा.

जुना दुकानदारच घेऊन जाणार आहे. मागच्या अंगणात धान्य ठेवायला हवाय असं बाबा म्हणतीलच, म्हणून सांगते: मुलं लपाछपीत आत शिरतात, दार मिटलं की आतून उघडत नाही. ठेवायचाच असेल तर दार काढून ठेवा. नाहीतर जाऊ दे त्याला. जायच्या आधी आई, आतला भाजीचा हिरवा ट्रे काढून घे. खाली चार भोकं पाड, माती भर, पहिल्या पावसात कोथिंबीर पेर. आणि दारावरचा तो फाटका स्टिकर ओल्या फडक्यानं भिजवून निघतो का बघ. निघाला तर या पत्राच्या पाकिटात घालून ठेव, मी गणपतीला आले की घेईन.

बुधवारी वायरमन, गुरुवारी टेम्पो. टेम्पोवाल्याला चहा-पाणी द्या, पण सही करायच्या आधी चारी बाजूंनी पोचे बघा.

तुमची
मंजी