टॉम हाउस सर, पंच्यासाठी आभार

आदरणीय हाउस सर,

सा. न. वि. वि.

तुम्ही अमेरिकेतले बेसबॉलचे पिचिंग कोच, तुम्हाला मराठी येत नाही, तरी पत्र मराठीतच लिहितोय. कारण चूकही मी मराठीतच केली. कराडला क्लबकडून मी मध्यमगती टाकायचो. कोपर जरा वाकलं की अंपायरच्या आधी आमचे सर ओरडायचे, "फेकी!" पुढे न्यू जर्सीत माझा बारा वर्षांचा डावखुरा पोरगा पिचिंग, म्हणजे बेसबॉलमधली बोलिंग, करायला लागला आणि मी त्याच्यामागे तेच टुमणं लावलं: हात सरळ ठेव, खांद्यातून टाक. बेसबॉल मुळात फेकीचाच खेळ आहे, हे टाळक्यात शिरलंच नाही. एका रात्री जेवताना त्याला पाण्याचा पेला डाव्या हाताने उचलवेना. डॉक्टरांनी सहा आठवडे बॉल बंद केला.

त्या सक्तीच्या सुट्टीत तुमचे व्हिडिओ सापडले. हात जेवढा थांबवता येतो तेवढ्याच वेगाने तो सोडावा, आणि थांबवायचं काम खांद्याच्या मागच्या स्नायूंचं, हे तुमच्याकडून पहिल्यांदा ऐकलं. तोवर जो तो नुसती रेस वाढवायला सांगत होता. ब्रेकचं कुणी बोललंच नव्हतं.

बॉल परत हातात आला तरी सुरुवात तुमच्या टॉवेल ड्रिलनेच केली, म्हणजे बॉलऐवजी हातात टॉवेल धरून करायच्या सरावाने. घरात जाड टर्किश टॉवेल होते, ते बोटांत बसेनात. शेवटी आईने गावाहून दिलेला पंचा काढला. पहिली दोन बोटं आणि अंगठा यांच्यात त्याचं टोक धरून पोराने पूर्ण ॲक्शन करायची आणि मी समोर धरलेल्या ग्लोव्हवर पंचा सपकन वाजवायचा. अंग वेळेआधीच समोर वळलं की पंचा हवेतच मरतो. काही कोच या ड्रिलला नाकं मुरडतात, मुरडोत. मला गॅरेजमध्ये तो आवाज ऐकू येतो, तेवढा पुरे.

मग तुमची माहिती काढत बसलो. 1971 ते 1978 तुम्ही मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या बेसबॉल लीगमध्ये, बहुतेक वेळ रिलीफ पिचर, म्हणजे सामना अर्ध्यात आल्यावर पहिल्या पिचरच्या जागी येणारा. 8 एप्रिल 1974 ला हँक ॲरनचा विक्रमी 715 वा होमरन (आपल्या षटकारासारखा फटका) अटलांटाच्या बुलपेनमध्ये, म्हणजे राखीव पिचर हात गरम करतात त्या जागेत, झेलला तो तुम्हीच, आणि बॉल घेऊन थेट बॅटर उभा राहतो त्या होम प्लेटकडे धावलात! पुढे टेक्सास रेंजर्स संघाचे पिचिंग कोच झालात आणि पिचरांच्या हातात चक्क अमेरिकन फुटबॉल दिलात. लोक हसले म्हणे. पण हात वाकडा फिरला की फुटबॉल लडबडतो, चुगली लगेच होते. तिथेच पिचर नोलन रायनने 1991 मध्ये, वयाच्या 44 व्या वर्षी, सातवा नो-हिटर टाकला, म्हणजे समोरच्या संघाला अख्ख्या सामन्यात एकही हिट मिळू दिली नाही. आपल्याकडे 44 व्या वर्षी फास्ट बोलर कॉमेंट्री बॉक्समध्ये असतो.

आणि 2008 मध्ये रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, उत्तर प्रदेशातले भालाफेक करणारे दोघे, कधी बेसबॉल न खेळलेले, तुमच्याकडे आले. वर्ष संपायच्या आत पिट्सबर्ग पायरेट्स या मेजर लीग संघाने त्यांना करारबद्ध केलं. फेकणारा हात तुम्ही भाल्यातही ओळखलात. मला तो घरातल्या घरात दिसला नव्हता.

स्वतः खेळताना स्टिरॉइड घेतल्याचं तुम्ही 2005 मध्ये उघड सांगितलंत. तेही पोराला सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता.

आता तो पाचव्या-सहाव्या इनिंगला येतो, तुमच्यासारखाच. पंच्याचं एक टोक पार चिंधी झालंय. आई फोनवर विचारते, अंग पुसून पुसून एवढा कसा फाटला? दुसरा पाठवतेय.

आपला नम्र,
एका डावखुऱ्याचा बाप