आरक्षणात मोबाइल क्रमांक कोणाचा आहे?

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

विमानाचे तिकीट काढून झाले की मोठे काम उरकले असे आपल्याला वाटते. ई-मेलमधली पीडीएफ उघडायची, नावे आणि तारखा बघायच्या, घरच्यांना व्हॉट्सॲपवर पाठवायची आणि बॅगा भरायला लागायचे. आमच्या घरीही हेच झाले. त्याचा त्रास माझ्या आई-वडिलांना भोगावा लागला, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

त्यांना वाटेत एक विमान बदलून जायचे होते. तिकिटे माझ्या भाच्याने एका प्रवास-संकेतस्थळावरून काढून दिली होती. प्रवासाला तीन आठवडे असताना विमान कंपनीने पहिल्या विमानाची वेळ पुढे ढकलली. त्यामुळे दुसरे विमान मिळणे शक्य नव्हते आणि कंपनीच्या संगणकाने दोघांना आपोआप दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानात बसवले. तशी सूचनाही पाठवली गेली होती. पण आरक्षणात नोंदवलेला ई-मेल आणि फोन होता त्या संकेतस्थळाचा, आमचा नव्हे. आम्हाला हे कळले थेट विमानतळाच्या काउंटरवर. आईचे गुडघे दुखतात म्हणून तिच्यासाठी व्हीलचेअर सांगून ठेवली होती. बदललेल्या विमानावर ती नोंदही उतरली नव्हती. सत्तरी ओलांडलेल्या दोघांनी मधल्या विमानतळावरच्या खुर्च्यांवर रात्र काढली.

काउंटरवरची मुलगी अगदी आपुलकीने बोलली. ती म्हणाली, "काका, तीन आठवड्यांपूर्वी ऑनलाइन बघितलं असतं ना, तर त्याच दिवशीचं लवकरचं विमान पैसे न भरता मिळालं असतं." हे वाक्य माझ्या मनातून अजून जात नाही.

त्यानंतर मी हा विषय नीट समजून घेतला. प्रत्येक आरक्षणाला सहा अक्षर-अंकांचा एक पीएनआर असतो. विमान कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर 'मॅनेज बुकिंग' किंवा 'माय ट्रिप्स' अशा नावाचे पान असते. तिथे पीएनआर आणि आडनाव टाकले की आरक्षण समोर उघडते. पुष्कळ जण इथेच अडतात, कारण एजंट किंवा प्रवास-संकेतस्थळ स्वतःचा वेगळा बुकिंग क्रमांक देते आणि तो विमान कंपनीच्या पानावर चालत नाही. तिकिटाच्या कागदावर 'एअरलाइन पीएनआर' म्हणून लिहिलेला क्रमांक शोधावा; सापडला नाही तर एजंटकडून मागून घ्यावा. तो न घेता गप्प बसू नये, असे मी कळकळीने सांगेन. पान उघडले की सगळ्यात आधी संपर्काचा रकाना बघावा. तिथे प्रवाशाचा स्वतःचा, किंवा वृद्ध प्रवासी असतील तर मुलाचा-मुलीचा, मोबाइल आणि ई-मेल असायला हवा. तो बदलण्याला दोन मिनिटे लागतात. आमच्या बाबतीत एवढेच झाले असते तर पुढचे सगळे टळले असते.

हा प्रश्न आमच्या एकट्यांचा नाही. युरोपीय महासंघाच्या न्यायालयात नेमके असेच प्रकरण गेले होते. नोव्हेंबर 2014 मध्ये ॲम्स्टरडॅमहून सुरिनामच्या पारामारिबोला जाणाऱ्या एका प्रवाशाने ऑनलाइन एजंटमार्फत तिकीट काढले होते. वेळ बदलल्याचे, म्हणजे ठरलेले उड्डाण रद्द झाल्याचे, विमान कंपनीने एजंटला महिनाभर आधी कळवले. प्रवाशाला मात्र एजंटकडून ते कळले उड्डाणाला दहा दिवस उरले असताना. युरोपच्या 2004 सालच्या 261 क्रमांकाच्या नियमाप्रमाणे, उड्डाण रद्द झाल्याचे किमान दोन आठवडे आधी प्रवाशाला कळायला हवे, नाहीतर सर्वसाधारणपणे भरपाई द्यावी लागते. कंपनीचे म्हणणे होते की आम्ही वेळेत एजंटला सांगितले. न्यायालयाने मे 2017 मध्ये हे म्हणणे फेटाळले. माहिती प्रवाशापर्यंत पोचली हे दाखवण्याची जबाबदारी विमान कंपनीची. एजंटला कळवले म्हणजे प्रवाशाला कळवले असे होत नाही, असा तो निकाल आहे. मला तो वाचून फार बरे वाटले. जी गोष्ट त्या काउंटरवर मला शब्दांत मांडता आली नव्हती, ती एका न्यायालयाने स्पष्ट सांगितली होती.

वेळ कंपनीने बदलली आणि तारीख आपण बदलली, या दोन गोष्टींत मोठा फरक आहे. कंपनीने मोठा बदल केला असेल तर बहुधा दुसरे विमान विनाशुल्क निवडता येते किंवा पैसे परत मागता येतात. अमेरिकेच्या परिवहन खात्याने 2024 मध्ये तर मोठा बदल म्हणजे काय हे आकड्यांत बांधून दिले : देशांतर्गत उड्डाणात तीन तास, आंतरराष्ट्रीय उड्डाणात सहा तास. तेवढा किंवा त्याहून जास्त फरक पडला आणि प्रवाशाने नवी वेळ नाकारली, तर पूर्ण परतावा. म्हणून अशी सूचना आली की 'स्वीकारा' हे बटण घाईने दाबू नये. एकदा ते दाबले की परतावा मागण्याचा मार्ग बंद होऊ शकतो. आधी बाकीची विमाने बघावीत, जोडविमानात पुरेसा वेळ उरतो का ते मोजावे, मग ठरवावे.

आपल्या सोयीने तारीख बदलायची असेल तेव्हा मात्र खर्चाचे दोन भाग असतात. एक बदलाचे शुल्क, दुसरा भाड्यातला फरक. 'बदल शुल्क शून्य' अशी जाहिरात वाचून लोक निश्चिंत होतात आणि शेवटच्या पानावर मोठी रक्कम बघून हबकतात, कारण नव्या तारखेचे भाडे आजच्या दराने लागते. हा हिशेब पहिल्याच पानावर, तारीख निवडताना दिसला पाहिजे. सगळ्यात स्वस्त भाड्यात तर कित्येकदा बदल करताच येत नाही. तेही घेताना ठळक सांगितलेले नसते.

आणखी एक गोष्ट मला पूर्वी कुणी सांगितली नव्हती. आरक्षण आणि तिकीट या दोन वेगळ्या नोंदी आहेत. आरक्षण म्हणजे पीएनआर. तिकीट म्हणजे 13 आकडी क्रमांक, ज्यातले पहिले तीन आकडे विमान कंपनीचे असतात. 1 जून 2008 पासून 'आयाटा' या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेने आपल्या व्यवहारातून कागदी तिकीट पूर्ण बंद केले, तेव्हापासून हा क्रमांक फक्त संगणकात राहतो. तारीख बदलली की तिकीट त्याप्रमाणे पुन्हा जारी व्हावे लागते. फोनवर किंवा एजंटमार्फत केलेल्या बदलात कधी कधी आरक्षण बदलते आणि तिकीट जुनेच राहते. अशा प्रवाशाला पडद्यावर नवी तारीख दिसते, पण विमानतळावर त्याला बोर्डिंग पास मिळत नाही. म्हणून बदल केल्यावर तिकिटाची नवी प्रत ई-मेलवर आली का, हे बघितल्याशिवाय काम पूर्ण झाले असे समजू नये. त्याच बैठकीत आसन, व्हीलचेअर, जेवण, जास्तीचे सामान या नोंदी नव्या विमानावर आल्या का तेही तपासावे.

जाण्या-येण्याचे तिकीट एकत्र असेल आणि जाण्याचे विमान सोडून द्यायचे असेल, तर तेही ऑनलाइन आधी नोंदवून घ्यावे. न कळवता पहिला टप्पा चुकवला की पुढचे सगळे टप्पे, परतीच्या प्रवासासकट, बहुतेक कंपन्यांत आपोआप रद्द होतात.

गडबडीत माणूस सर्च इंजिनवर कंपनीचा मदत क्रमांक शोधतो, आणि तिथेच भामटे टपलेले असतात. खोटे क्रमांक टाकून, 'तारीख बदलून देतो' म्हणत ते कार्डाची माहिती आणि ओटीपी मागतात. क्रमांक कंपनीच्या ॲपमधून किंवा तिकिटावरूनच घ्यावा. तसेच बोर्डिंग पासचे छायाचित्र समाजमाध्यमांवर टाकू नये. ऑस्ट्रेलियाचे माजी पंतप्रधान टोनी ॲबट यांनी 2020 मध्ये असे छायाचित्र टाकले, त्यावरच्या क्रमांकावरून एका जाणकाराने त्यांच्या आरक्षणाचे पान उघडले आणि तिथून त्यांचा पासपोर्ट क्रमांकही निघाला. त्याने ते प्रामाणिकपणे संबंधितांना कळवले. प्रत्येक वेळी असा माणूस भेटेलच असे नाही.

विमान कंपन्यांना माझी विनंती आहे. एजंटमार्फत आलेल्या प्रत्येक आरक्षणात प्रवाशाचा स्वतःचा क्रमांक असल्याखेरीज तिकीट जारी करू नका. वेळ बदलली आणि प्रवाशाने ती सूचना उघडलेली दिसली नाही, तर एक फोन करा. व्हीलचेअर मागणाऱ्या प्रवाशाला तरी नक्कीच करा. ज्या संगणकाला दोन वृद्धांना दुसऱ्या दिवशीच्या विमानात हलवता येते, त्याला त्यांची व्हीलचेअरही सोबत हलवता आली पाहिजे.

आई-वडील पुढच्या महिन्यात पुन्हा निघत आहेत. तिकिटे या वेळीही भाच्यानेच काढली. त्याच संध्याकाळी मी पीएनआर मागून घेतला आणि आरक्षण उघडले. संपर्काच्या रकान्यात पुन्हा संकेतस्थळाचाच क्रमांक होता. तो काढून तिथे माझा घातला आहे.

आपला,
एक नियमित वाचक