रेट मेझरच्या एका गणिताबद्दल जाहीर आभार

आदरणीय मॅडम,

वाचनालयाच्या अभ्यासिकेत आपण मला जी मदत केलीत, तिच्याबद्दल त्या दिवशी नीट आभार मानता आले नाहीत आणि आजही ती आठवण निघाली की गळा दाटून येतो, म्हणून हे पत्र.

डेरिव्हेटिव्हच्या, म्हणजे बदलाच्या दराच्या, उपयोजनांतील रेट मेझरची (एक राशी बदलत असताना तिच्याशी जोडलेली दुसरी किती वेगाने बदलते ते काढण्याची) गणिते आमच्या क्लासमध्ये ‘सूत्र लिहा, किमती घाला, उत्तर काढा’ अशीच उरकली गेली. भरमसाट फी घेणाऱ्या त्या क्लासमध्ये शंका विचारली, की ‘एवढ्याशा गुणांसाठी वेळ घालवू नका, ऑप्शनला टाका’ असे ऐकावे लागे.

आपल्यासमोर होते ते गणित टाकीचे. टोक खाली असलेली शंकूच्या आकाराची टाकी, उंची ४ मीटर, तोंडाची त्रिज्या २ मीटर; मिनिटाला २ घनमीटर पाणी येत असेल, तर पाणी ३ मीटरवर असताना पातळी किती वेगाने चढेल? क्लासच्या शिरस्त्याप्रमाणे आकृतीत पाण्याच्या उंचीपाशी ‘३’ लिहिलेला होता. आपण तो रबराने खोडलात, तिथे ‘एच’ लिहिलेत आणि पेन्सिल माझ्या हातात परत देऊन म्हणालात, “पाणी चढतंय ना? मग उंचीला आत्ताच थांबवू नकोस.”

वर्षभर जे कोणी सांगितले नव्हते, ते एवढेच होते. उंची आधीच ३ धरली की घनफळ स्थिर होते आणि स्थिर राशीचा डेरिव्हेटिव्ह शून्य येतो. म्हणजे पाणी येत असूनही पातळी जागची हलत नाही! त्रिज्या उंचीच्या निम्मी असते हे समरूप त्रिकोणांवरून आपण माझ्याकडूनच काढून घेतलेत, घनफळ केवळ उंचीत मांडायला लावलेत आणि डेरिव्हेटिव्ह काढून झाल्यावरच ३ घालू दिलात. उत्तर आले मिनिटाला ८ भागिले ९ पाय (९π), म्हणजे सुमारे ०.२८ मीटर. भिंतीला टेकलेल्या शिडीचा पाय एकाच वेगाने सरकत असताना वरचे टोक मात्र अधिकाधिक वेगाने का घसरते, हे त्यानंतर माझे मलाच उमगले.

ना ओळख, ना देणेघेणे. तरीही आपले वाचन बाजूला ठेवून एका परक्या मुलीशेजारी खुर्ची ओढून बसणारी आणि तिला जराही कमी न लेखणारी आपल्यासारखी माणसे आहेत, याचा मला फार मोठा आधार वाटतो. परीक्षेत हे गणित येवो वा न येवो, हा भाग मी आता ऑप्शनला टाकणार नाही.

आपली ऋणी,
अभ्यासिकेतील एक विद्यार्थिनी