कोन मोजा, मंत्रिमहोदय

माननीय आरोग्यमंत्री,
सविनय नमस्कार.

परवा रात्री माझ्या एकोणीस वर्षांच्या लेकीला पुन्हा तातडीच्या विभागात न्यावं लागलं. हिरव्या पित्ताच्या उलट्या, सुकलेले ओठ, उतरलेलं पोटॅशियम. आजाराचं नाव, सुपीरियर मेसेंटेरिक आर्टरी सिंड्रोम, फाइलच्या पहिल्याच पानावर लाल अक्षरांत आहे. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी ते वाचलं, हे काय असतं म्हणून मलाच विचारलं आणि केसपेपरवर लिहिलं, 'जेवण टाळते. समुपदेशन.' आठ महिन्यांपूर्वी आम्ही काही पालक तुम्हाला भेटलो होतो. या आजाराबद्दलच्या सूचना तीन महिन्यांत प्रत्येक सरकारी रुग्णालयात पोहोचतील, असा शब्द तुम्ही दिला होता. कुठे गेला तो शब्द?

विसरला असाल, तर पुन्हा सांगते. आतड्यांना रक्त पुरवणारी सुपीरियर मेसेंटेरिक धमनी महाधमनीतून निघून खाली उतरते. या दोघींच्या बेचक्यातून लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग आडवा जातो. तिथे चरबीची गादी असते, ती दोघींना दूर ठेवते. वजन झपाट्याने उतरलं की गादी विरते आणि आतडं चिमटीत सापडतं. एरवी साधारण ३८ ते ६५ अंशांचा कोन २५ च्या खाली येतो, १० ते २८ मिलिमीटरचं अंतर ८ च्या आत येतं. खाल्लेलं पुढे सरकत नाही, म्हणून माणूस खात नाही. खात नाही म्हणून आणखी वाळतो, आणि चिमटा आणखी आवळतो.

माझी लेक एका लांबलेल्या तापात नऊ किलो उतरली, तिथून हे सुरू झालं. पुढचे चौदा महिने ॲसिडिटी, मग ताण, मग 'मुलींना बारीक राहायचं असतं'. चार घास पोटात गेले की ती पलंगावर गुडघे पोटाशी घेऊन पालथी व्हायची, कपाळ उशीत खुपसून. तसं केलं की धमनीचा दाब थोडा हटतो. हे पुस्तकात लिहिलेलं लक्षण आहे, साहेब. तिला त्यासाठी नाटकी म्हटलं गेलं. माझ्यादेखत! आणि मी गप्प बसले, हे माझ्या मनातून जात नाही.

खाण्याचा मानसिक विकार असलेल्यांनाही हा आजार होतो, कारण वजन त्यांचंही उतरतं. म्हणजे मन दुखावलेलं असलं तरी पोट तपासायलाच हवं.

शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी जुना सीटी स्कॅन मागितला. तो अकरा महिने आमच्या कपाटात पडून होता, रिपोर्टवर 'विशेष काही नाही'. त्यांनी त्याच चित्रांवर मोजलं. कोन १६ अंश, अंतर ५ मिलिमीटर. नवी तपासणी नाही, नवं यंत्र नाही. अकरा महिने कुणी मोजलंच नव्हतं.

मग नाकातून नळी घालून अडथळ्याच्या पुढे पोहोचवली. रोज रक्त तपासत अन्न हळूहळू वाढवलं, कारण उपाशी शरीरात एकदम भर घातली तर क्षार कोसळून जीव जाऊ शकतो. सहा किलो वजन चढलं आणि ती बसून जेवू लागली. गेल्या महिन्यात पुन्हा ताप आला, चार किलो गेले, चिमटा परत. आता शस्त्रक्रियेचं बोलणं चाललंय, अडलेल्या जागेआधीचं आतडं पुढच्या आतड्याला जोडायची.

दुर्मीळ आजार आहे, असं तुमच्या कार्यालयातून ऐकवलं जातं. ऑस्ट्रियाचे डॉक्टर रोकिटान्स्की यांनी १८४२ मध्ये याचं वर्णन केलं. स्कॉटिश सर्जन विल्की यांनी १९२७ मध्ये ७५ रुग्ण मांडले. जो शोधलाच जात नाही, तो दुर्मीळच दिसणार. पण दोष त्या एकट्या तरुण डॉक्टरचा नाही, त्याच्या दारात रात्रभर रांग होती. प्रत्येक विभाग आपापला अवयव बघतो आणि चिठ्ठी पुढे ढकलतो. आख्खा माणूस कुणाच्याच वाट्याला येत नाही. नळीतून जाणारं अन्न औषध नव्हे म्हणून त्याचा खर्च नामंजूर होतो, आणि नामंजूर करणाऱ्याची सही वाचता येत नाही.

मागणं एवढंच आहे. वजन उतरलेला माणूस जेवणानंतर ओकत असेल, तर सीटीच्या रिपोर्टमध्ये तो कोन आणि ते अंतर लिहिणं सक्तीचं करा. नळीचं पोषण उपचारात धरा. आणि सूचनांचं ते पत्रक या महिन्यात काढा.

ती आज ३८ किलोची आहे. परवाच्या केसपेपरची प्रत आणि जुन्या सीटीची सीडी सोबत जोडली आहे.

एका रुग्ण मुलीची आई