स्कॅनर लावण्याआधी तिथे उभे राहून बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मालवणात माझे पाट्या आणि फलक छापण्याचे छोटे दुकान आहे. क्यूआर कोडला आमच्याकडे सगळे ‘स्कॅनर’च म्हणतात, आणि हल्ली लग्नपत्रिकांपेक्षा जास्त स्कॅनर मी छापतो. गिऱ्हाईक येते, आकार सांगते, रंग सांगते, लॅमिनेशनचा दर विचारते. ‘लावणार कुठे?’ असे मी विचारले की उत्तर येते, ‘ता बघू मगे.’ हे ‘मगे’ किती महागात पडते ते रोज डोळ्यांनी बघतो, म्हणून हे पत्र.

मासळी बाजारातली एक ओळखीची काकी पावसाआधी दुकानात आली. तिचा स्कॅनर मासळीच्या फळीवर, टोपलीला टेकवून ठेवलेला असायचा. त्यावर खवले, बर्फाचे पाणी, बांगड्याचे रक्त. गिऱ्हाईक वाकणार, पदराने पुसणार, पुन्हा मोबाइल धरणार, आणि तोवर मागचा माणूस दुसऱ्या मासळीवालीकडे वळलेला. ती म्हणाली, ‘हय लावलंय तर पाणी उडता, थंय लावलंय तर गिऱ्हायकाक दिसना नाय. मी करू काय?’ दुकानात बसून याचे उत्तर मला देता येईना. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या समोर गिऱ्हाईक होऊन उभा राहिलो तेव्हा समजले. ती बसलेली असते, घेणारा उभा असतो. त्याच्या एका हातात पिशवी, दुसऱ्यात मोबाइल. त्याला छातीच्या उंचीवर, सावलीत, हात लांब न करता दिसेल असे काहीतरी हवे. तिच्या छत्रीच्या दांड्याला आम्ही दोन्ही बाजूंनी छापलेली पाटी टांगली. चकचकीत लॅमिनेशनवर उन्हाची तिरीप पडली की कॅमेऱ्याला नुसता पांढरा डाग दिसतो, म्हणून मॅट वापरले. कागदाच्या चारही बाजूंनी अर्धा इंच नुसते प्लास्टिक सोडले आणि दोरीचे भोक त्या प्लास्टिकमध्ये पाडले. कागदातून भोक पाडले की खारे पाणी तिथूनच आत शिरते आणि एका पावसात पाटी भुरी पडते. कोडखाली तिचे नाव ठळक मराठीत घातले, म्हणजे पैसे पाठवणाऱ्याला मोबाइलवरचे नाव ताडून बघता येते.

टांगलेली पाटी तिच्या नजरेसमोरही राहते, हे मला तितकेच महत्त्वाचे वाटते. दुकानाबाहेरच्या खांबावर चिकटवलेल्या कोडवर रात्री कुणी आपला कोड चिकटवून गेला तर दिवसभराचे पैसे परक्याच्या खात्यात जातात. अशा फसवणुकी देशात झालेल्या आहेत. पैसे घेण्याचा कोड मालकाच्या नजरेच्या टप्प्यातच असावा, आणि सकाळी दुकान उघडताना स्वतःच्या मोबाइलने एकदा तपासावा. आणखी एक गोष्ट आमच्या मावश्या-काकींना कुणीतरी बसून सांगायला हवी. पैसे *घेण्यासाठी* आपल्याला कधीच कोड स्कॅन करावा लागत नाही, पिनही टाकावा लागत नाही. कुणी तसे सांगत असेल तर तो पैसे काढायला आला आहे.

थोडे या कोडविषयी. जपानच्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली तो तयार केला, मोटारींच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवण्यासाठी. कारखान्यात तेलाचे डाग पडणार हे धरूनच त्याची रचना केली होती. म्हणून सर्वांत मजबूत प्रकारात सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी तो वाचता येतो, साध्या प्रकारात मात्र फक्त ७ टक्के. तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन मोबाइलला कोड कुठे आहे ते दाखवतात; तिथेच खिळा ठोकला तर बाकीचा कोड स्वच्छ असून उपयोग नसतो. भोवतीची पांढरी मोकळी जागाही त्याचाच भाग आहे, ती किमान चार बारीक चौकोनांइतकी लागते. ‘जागा वाया जाते’ म्हणून गिऱ्हाईक तिच्यावर वेलबुट्टी मागते, तेव्हा मी नाही म्हणतो. एकदा एका निवासवाल्यांच्या आग्रहाने निळ्यावर पांढरा कोड छापून दिला. माझ्या मोबाइलने वाचला, त्यांच्या कित्येक पाहुण्यांच्या मोबाइलने वाचला नाही. सगळ्या पाट्या पदरमोड करून पुन्हा छापल्या. तेव्हापासून फिक्या रंगावर गडद कोड, दुसरे काही नाही.

आकाराचा आमचा ठोकताळा सोपा आहे. जितक्या अंतरावरून वाचायचा त्याच्या दहाव्या हिश्शाइतका कोड. दहा फुटांवरून वाचायचा तर एक फूट. आत भरलेला संकेतस्थळाचा पत्ता लांबलचक असेल तर चौकोन बारीक होतात, मग त्याहून मोठा. महामार्गाकडेच्या मोठ्या फलकावर कोपऱ्यात तळहाताएवढा कोड छापून घेणाऱ्यांना मी परत पाठवतो. तो कुणाला वाचता येणार नाही, आणि गाडी चालवताना कुणी वाचायचा प्रयत्न केलाच तर ते त्याहून वाईट.

आता पर्यटनाकडे वळतो. जुलै २०२५ मध्ये महाराजांचे जे १२ किल्ले जागतिक वारशात गेले, त्यांत आपल्या किनाऱ्यावरचे खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग आहेत. आता माहितीचे कोड सगळीकडे लागतील, आणि लागावेतच. पण मागच्या मे महिन्यात एका किल्ल्यावर पाहुण्यांना घेऊन गेलो होतो. तिथला कोड दरवाजाच्या तोंडाशी, गुडघ्याच्या उंचीवर, काळ्या चकचकीत पत्र्यावर होता. आमच्या आजोबांनी वाकून तीनदा मोबाइल धरला. मागून गर्दी ढकलत होती. शेवटी ‘जाऊंदे’ म्हणून ते पुढे गेले. चारशे वर्षांच्या दगडासमोर आलेल्या माणसाला त्या दगडाची गोष्ट कळली नाही, याचे मला फार वाईट वाटले.

माझे म्हणणे असे आहे की माहितीचा कोड माणूस *थांबतो* तिथे लावावा. सिंधुदुर्गाला जायचे तर मालवणच्या जेटीवर होडीची वाट बघत माणसे उभी असतात. हात रिकामे, वेळ हाताशी, गाव जवळ असल्याने नेटवर्कही मिळते. तिथे सावलीत मोठा कोड लावा, खाली नुसते ‘स्कॅन करा’ न लिहिता ‘किल्ल्याचा नकाशा आणि माहिती, मराठीत’ असे लिहा. नकाशा मोबाइलमध्ये उतरवून घेता आला पाहिजे, म्हणजे किल्ल्यात दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरींजवळ पोचल्यावर नेटवर्क असो-नसो, वाचता येईल. किल्ल्यात लावायचेच असेल तर वेगळ्या खांबावर, पुरातत्त्व खात्याला विचारून. तटाच्या दगडात खिळा नको, डिंकही नको.

कातळशिल्पांचे तर अधिकच. कोकणातली कातळशिल्पे, म्हणजे जमिनीच्या कातळावर कोरलेली जुनी चित्रे, २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत, आमच्याच तालुक्यातले कुडोपी त्यांत आहे. उघड्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, दुपारी मोबाइलची काच दिसत नाही. पाटी चित्राशेजारी रोवली तर लोक तिच्यापाशी जायला कातळावरून, कधी चित्रावरूनही चालतात. ती पायवाट सुरू होते तिथे, झाडाखाली असावी.

ग्रामपंचायती आणि पर्यटन समित्यांना आणखी एक विनंती आहे. फुकट संकेतस्थळांवर बनवलेले काही कोड मधल्या एका पत्त्यावरून फिरून जातात. मुदत संपली की तो पत्ता बंद होतो आणि हजारो रुपयांचा फलक मुका होतो. कोडमध्ये स्वतःचा, कायम राहणारा पत्ता भरा. ज्याच्याकडे साधा फोन आहे त्याच्यासाठी चार ओळी आणि एक दूरध्वनी क्रमांक फलकावरच छापा.

गणपतीनंतर हंगाम सुरू होतो. त्याआधी आपापल्या फलकासमोर भर दुपारी आणि दिवे लागल्यावर, असे दोनदा उभे राहून बघा. आपल्या नव्या मोबाइलने नको, घरातल्या सर्वांत जुन्या मोबाइलने. मालवणच्या बाजारात बसणाऱ्या कुणाही मासळीवालीने आपली भिजलेली पाटी दुकानात आणून दिली तर तिची नवी पाटी मी फक्त कागद-प्लास्टिकच्या खर्चात करून देईन, आणि टांगायलाही येईन.

आपला नम्र,
एक छपाईवाला वाचक
मालवण, जि. सिंधुदुर्ग